घरच्या ग्रंथसंग्रहाची नोंद आणि श्रेणी

घरच्या पुस्तकांची यादी करताना तपशील मुखपृष्ठावरून न घेता आतील शीर्षकपृष्ठ आणि त्यामागचे पान पाहून घ्यावेत, कारण आवृत्ती कितवी, मुद्रण केव्हाचे आणि प्रकाशक कोण, हे बहुधा तेथेच नेमके दिलेले असते. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक नसतो आणि वर्ष पुष्कळदा शकात असते. ते इसवी सनात आणून (शके १८७० म्हणजे १९४८-४९) मूळ शकही नोंदीत ठेवावा. आडनाव आधी लिहावे. टोपणनाव असल्यास दोन्ही नावे एकमेकांशी जोडावीत, अन्यथा कुसुमाग्रजांच्या कविता आणि वि. वा. शिरवाडकरांची नाटके दोन निराळ्या लेखकांच्या नावे पडतात.

श्रेणी देताना मजकुराचे मोल आणि प्रतीची अवस्था यांची सरमिसळ होऊ देऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कसर, सुटलेली शिवण, गहाळ पाने हे शब्दांत लिहावे. मजकुराला पाचपैकी गुण देताना तारीख आणि एका वाक्यात कारण लिहावे, आणि पुनर्वाचनानंतर मत बदलल्यास जुने गुण न खोडता नवे त्याखाली नोंदवावेत. न वाचलेल्या पुस्तकाचा रकाना कोराच ठेवावा.