समुद्रकाठच्या गावात लांब मुक्काम करताय? या चुका टाळा

चार दिवसांच्या सहलीत जे खपून जातं, ते दोन-तीन महिन्यांच्या मुक्कामात खपत नाही. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर राहायला जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे शहरातलं घड्याळ सोबत नेणं. दहाला बाहेर पडायचं, भर दुपारी कामं उरकायची आणि संध्याकाळी डोकं धरून बसायचं. तिथला माणूस पहाटे उठतो, अकराच्या आत कामं आटोपतो आणि ऊन कलल्याशिवाय पुन्हा बाहेर पडत नाही. याला आळस म्हणू नका. हवा दमट असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. शरीराला अशा उष्म्याची सवय व्हायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात. तेवढे दिवस धावणं, सायकल, जड उचलणं जपूनच करा. डोकं दुखतंय, पायात गोळे येतायत, लघवी गडद होतेय, अशी लक्षणं दिसली तर सावलीत बसा आणि ओआरएस घ्या. नुसतं पाणी ढोसून घामावाटे गेलेलं मीठ भरून निघत नाही. आणि माणूस बरळायला लागला, शुद्ध हरपू लागली तर वाट न पाहता त्याचं अंग गार पाण्याने भिजवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. आभाळ आहे म्हणून उघड्या अंगाने फिरू नका. विरळ ढगांतून बरेचसे अतिनील किरण खाली येतातच.

दुसरी चूक ओलाव्याला कमी लेखण्याची. मी ती केली आहे. तिसऱ्या आठवड्यात कपाट उघडलं तर चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट-पांढरी लव आली होती, बॅगेच्या चेनला गंज धरला होता आणि कॅमेऱ्याच्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरले होते. ती बुरशी. हवेतली आर्द्रता बराच काळ 60-70 टक्क्यांच्या वर राहिली की ती धरतेच, आणि बंद, अंधाऱ्या जागेत जास्त. वस्तू जपायची म्हणून आपण पेटीत घट्ट बंद करतो, तीच पहिली खराब होते. रोज हाताळलेला लॅपटॉप टिकतो, गुंडाळून ठेवलेला बिघडतो. म्हणून कपाटाची दारं दिवसा उघडी ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. लेन्स हवाबंद डब्यात ठेवायची तर सोबत भरपूर सिलिका जेल हवंच, आणि त्याचा रंग पालटला की ते गरम करून पुन्हा कोरडं करा. खारी हवा लोखंडावर मिठाचा थर चढवते आणि ते मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे सायकलची साखळी नुसती पुसून भागत नाही. गोड्या पाण्याने धुवायची, वाळवायची आणि मगच तेल घालायचं.

एसीची गंमत वेगळीच. खोली अगदी थंडगार करून मग खिडकी उघडली, की बाहेरची दमट हवा गार भिंतींवर आणि उपकरणांवर पाणी होऊन बसते. थंड खोलीतला कॅमेरा बाहेर काढताना तो पिशवीत बंदच ठेवा, अर्ध्या तासाने उघडा.

आता समुद्र. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. काल सकाळी आठला ज्या वाळूवरून चालत खडकापलीकडे गेलात, तिथे आठवड्याने त्याच वेळी पाणी असू शकतं आणि परतीची वाट बंद. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा जास्तच सांभाळा.

त्याहून घातक म्हणजे पाण्यातली शांत पट्टी. सगळीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक गडद, सपाट वाट दिसते. नवखा माणूस तिथूनच उतरतो, आणि अनेकदा तोच आत ओढणारा प्रवाह, रिप करंट, असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. दमून बुडायला होतं. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर या, मग तिरकं काठाकडे. सपाट वाळूवर बसून दहा मिनिटं पाणी वाचायची सवय लावा. होडीवाल्याला विचारलंत तर तो बोट दाखवून सांगेल, कुठे उतरायचं नाही ते. विचारायला लाजणं ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, म्हणून फक्त रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही. कुंडीखालची ताटली, बादली, एसीच्या पाण्याचा डबा आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा. नुसतं ओतून टाकू नका; भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात.

घराचं भाडं महिन्याचं ठरवण्याआधी आठवडाभर आसपास कुठेतरी राहून पाहा. शेजाऱ्यांना तीनच गोष्टी विचारा: उन्हाळ्यात पाणी किती वेळ येतं, जोराच्या पावसात छत कुठे गळतं आणि वीज गेली तर किती वेळ जाते. पहिल्या प्रश्नाला उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्याला शेजारी क्षणभर वर बघून मग बोलला, तर छताखालची ती जागा स्वतः जाऊन तपासा.