घरच्या घरी काउबॉय बड्डे: एक जुनी साडी आणि किराण्याच्या कागदी पिशव्या

आम्ही टेक्सासमधल्या ह्यूस्टनजवळ राहतो. इथे रोडिओ (घोड्या-बैलांवरच्या काउबॉय स्पर्धांचा मेळा) सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी गो टेक्सन डे असतो, शाळेत सगळी पोरं हॅट आणि बूट घालून जातात, आणि तेव्हा आमच्या धाकट्याने काउबॉय बड्डेचा जो हट्ट धरला तो पाचवा वाढदिवस येईपर्यंत सोडलाच नाही. पार्टी हॉलचा आकडा ऐकला आणि नवरा म्हणाला घरीच करू. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आल्या होत्या, त्यांना काउबॉय म्हणजे काय ते समजावलं तर म्हणाल्या, "म्हणजे गुराखीच की! मग गुरं राखायला एवढं नटायचं कशाला?"

खरं सांगायचं तर या प्रश्नानेच आमची पार्टी ठरवली. कारण तो नट्टापट्टा नाहीच, सगळी कामाची वस्तू आहे. गळ्यातला रुमाल कळपामागची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून, हॅटचा रुंद काठ उन्हासाठी, बुटाची टाच उंच कारण पाय रिकिबीत आरपार घुसून अडकला तर घोडा फरफटत नेईल. मग पार्टीपण तशीच लावायची, गुराख्याचा एक दिवस: कपडे चढवा, घोडा घ्या, गुरं वळा, जेवा, घरी जा. दोन तास बास. त्यापुढे पाच वर्षांची पोरं रडायलाच लागतात.

तीन आठवडे आधी आमंत्रणं करून टाका. वॉन्टेड पोस्टर सगळ्यात सोपं, मुलाचा फोटो, खाली "पकडून देणाऱ्यास केक". कागद जुनाट दिसायला कोऱ्या चहात बुडवायचा (दूधसाखरेच्या चहात नको, मुंग्या येतात, विचारू नका कसं कळलं), पूर्ण वाळवायचा आणि मगच मार्करने लिहून फोटो चिकटवायचा. मी आधी प्रिंट काढून मग बुडवले, शाई पसरून पोराचा चेहरा निळा झाला, पाच कागद वाया. पार्टी किती वाजता संपणार तेही लिहा आणि ॲलर्जी विचारा, हे दोन राहिले की त्या दिवशी धावपळ होते.

आता रुमाल. दुकानातले बंडाना साधारण २२ इंची चौकोन असतात म्हणजे ५५ सेंटीमीटरच्या आसपास, आणि साडेपाच मीटरची सुती साडी ज्याचा पन्ना १.१ मीटर आहे त्यातून असे बरोब्बर २० चौकोन निघतात. सासूबाईंनी स्वतःची लाल जुनी साडी काढून दिली, मऊ झालेली, त्यामुळे गळ्याला टोचत पण नाही. कडा शिवायच्या भानगडीत पडू नका, चार तास टिकला तरी झालं. फक्त गाठ एकच आणि सैल मारा, ओढली की सुटली पाहिजे, पोरं एकमेकांचे रुमाल धरूनच पळतात.

जॅकेट कागदी किराणा पिशवीचं. पिशवी आधी चांगली चुरगळून सरळ करायची, परत चुरगळायची, असं चार-पाच वेळा केलं की कागद मऊ पडतो आणि लांबून चामड्यासारखा दिसतो. मग उलटी धरा, समोरून मधोमध वरपर्यंत कापा, तळाला गळ्याएवढं गोल भोक, दोन्ही बाजूंना हातांसाठी भोकं, खाली झालर कातरा. दुकानाचं नाव छापलेलं असेल तर आतली बाजू बाहेर करा. कापाकापी आदल्या रात्री करून ठेवा आणि आलेल्या पोरांना नुसते क्रेयॉन द्या, पहिली वीस मिनिटं, उशिरा येणारे येईपर्यंत, यातच निघतात.

घोडा मात्र काठीचा करू नका. काठी हातात आली की पहिल्याच मिनिटाला तलवार होते. पूल नूडल घ्या, म्हणजे पोहताना तरंगायला धरतात तो लांब दांडा, तो फोमचा, लागत नाही. वरचा एक फूटभर भाग दुमडून दोरीने घट्ट बांधला की मान आणि तोंड तयार, कान फेल्टचे, आयाळ लोकरीची, डोळे मार्करने. उन्हाळ्यात डॉलर शॉपमधून उचलून ठेवा, नंतर मिळत नाहीत.

खेळांमध्ये आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललं ते गुरं वळणं. तपकिरी आणि पांढरे २५ फुगे, त्यावर मार्करने ठिपके, अंगणात खडूने मोठा वाडा आखला आणि पोरांनी घोड्यावर बसून झाडूने फुगे वाड्यात हाकायचे. वाऱ्याने फुगे भलतीकडे जातात आणि तीच तर मजा, गुरं कुठे ऐकतात. प्रत्येक फुगा आत आला की त्यावर स्टिकरचा छाप. मोकळ्या रानात कुंपण नव्हतं, सगळ्यांचे कळप मिसळायचे म्हणून जनावरावर मालकाची खूण डागायचे, हे मी सांगितल्यावर एका मुलीने आपल्या सगळ्या फुग्यांवर एकाच कोपऱ्यात स्टिकर लावले म्हणजे ओळखता येतील! १८६७ पासून टेक्सासचे कळप असेच हाकत पार कॅन्ससमधल्या ॲबिलीनला रेल्वेपर्यंत न्यायचे. फुगा फुटला की तुकडे लगेच उचला, लहान भावंडं तोंडात घालतात.

लासो म्हणजे गुरं पकडायला फेकायचा दोरीचा फास, पण त्यासाठी खरी दोरी अजिबात नको, गळ्यात अडकते. हुला हूप द्या आणि ट्रायसिकलवर टाकायला सांगा, हँडल म्हणजे शिंगं. हे दोरीचं कसब मूळचं मेक्सिकोच्या वाकेरोंचं, म्हणजे तिथल्या गुराख्यांचं, लासो हा शब्दपण स्पॅनिशमधलाच.

दोन गोष्टी ठेवल्या नाहीत. एक खेळण्यातल्या बंदुका, आयांना आवडत नाही, मलाही नाही. दुसरं काउबॉय विरुद्ध इंडियन हा खेळ, यातले इंडियन म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. पिसांचे ते शिरोभूषण त्यांच्या काही जमातींमध्ये मानाने मिळवायचं असतं, बड्डेची टोपी नाही. तरी शेजारचा मुलगा आमच्याकडे बघून म्हणालाच, मग तुम्ही इंडियन टीममध्ये ना? दोन मिनिटं कोणाला काय बोलावं कळेना, मग सासूबाई मराठीत म्हणाल्या हो, आणि विषय संपला.

जेवण चकवॅगनवर. १८६६ मध्ये चार्ल्स गुडनाइटने सैन्याच्या जुन्या गाडीला मागे कप्पे आणि उघडलं की टेबल होणारं झाकण लावलं, तेच फिरतं स्वयंपाकघर. आम्ही पोरांची लाल ओढगाडी घेतली, वर चादरीचं छत. पिंटो बीन्स थोडा गूळ घालून, कॉर्नब्रेड, चिकनचे हॉट डॉग. हॉट डॉग उभे चिरा, गोल चकत्या घशात अडकतात, आणि चार वर्षांखालच्यांना पॉपकॉर्न नको. केक साधा चौकोनी, भोवती बिस्किटांचं कुंपण, वर प्लास्टिकच्या गाई, झालं.

रिटर्न गिफ्ट वेगळं घेऊ नका, घोडा, जॅकेट, रुमाल घेऊनच पोरं जातात. फक्त घोड्याच्या मानेवर आधीच नाव लिहा. आमचे सगळे निळे होते, आणि शेवटची दहा मिनिटं दारात हा घोडा कोणाचा यावरून जी रडारड झाली ती पूर्ण पार्टीत झाली नव्हती.