गोव्यात कामाला आलात, तर आधी एक वही घ्या

दर दिवाळीनंतर गावाकडची दोन-चार पोरं तिलारीचा घाट उतरतात आणि माझा नंबर लावतात. प्रश्न ठरलेले असतात. खोली कुठे मिळेल, सिलिंडरचं काय, कदंबाचा, म्हणजे इथल्या सरकारी बसचा, पास कुठे काढायचा? त्याची उत्तरं इथे चार दिवसांत कुणीही देतं. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत लागलात तर कुठ्ठाळी नाहीतर झुआरीनगर बघा, कुंडईला लागलात तर फोंड्याकडे. भाटकार, म्हणजे जागेचा मालक, कितीही सज्जन असला तरी भाड्याची पावती मागा. घाटावरचा म्हणून कुणी हिणवून ‘घाटी’ म्हटलं तर कानाआड करा. तोच माणूस वर्षभराने चवथीला जेवायला बोलावतो, हे मी पाहिलंय.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. तुमच्यातले बरेचजण कॉन्ट्रॅक्टरमार्फत प्लेटिंग (धातूवर मुलामा), रंग, औषधं, रेझिन अशा कामांना लागतात. रसायनाने अंगाला काही झालं तर भरपाई कशी मागायची, हे ना कॉन्ट्रॅक्टर सांगतो ना कंपनी. मी चंदगड तालुक्यातून 2003 साली आलो आणि हे सगळं ठेच लागल्यावर शिकलो.

कुंडईच्या एका कारखान्यात मी साडेतीन वर्षं क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर होतो. क्रोमिक अ‍ॅसिड गडद लाल पापुद्र्यांच्या रूपात ड्रममधून येतं. ते टाकीत ओतायचं, विरघळवायचं, माल टांगायचा, करंट सोडायचा. करंट सोडला की टाकीभर बारीक बुडबुडे फुटतात आणि त्यांच्याबरोबर अ‍ॅसिडचे तुषार वर येतात. तोंडाला आमचाच रुमाल. आधी बोटांच्या पेरांवर छोट्या जखमा झाल्या, कडा उचललेल्या आणि मधे खोल, जणू कुणी सळईने टोचलंय. दुखत नव्हत्या, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग नाकात खपल्या धरू लागल्या. 2011 च्या पावसाळ्यात एका रात्री बायको उठून बसली आणि म्हणाली, “अहो, तुमच्या नाकातून शिट्टी वाजतेय.”

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, गेलो. कान-नाक-घसा विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी नाकात उजेड टाकून पाहिलं. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं. त्यांनी विचारलं, “काम काय करता?” मी म्हटलं, “कंपनीत.” आपण सगळे हेच सांगतो. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा विचारलं, “कंपनीत काय करता? कशाला हात लावता? किती वर्षं?” मग त्यांनी केसपेपरवर एक ओळ लिहिली: क्रोम प्लेटिंग, क्रोमिक अ‍ॅसिड, साडेतीन वर्षं. पुढची सगळी केस त्या एका ओळीवर उभी राहिली. त्या दिवशी मी घाईत असतो आणि बाई आळशी असत्या, तर माझ्या हाती फक्त ‘नाकाला जखम’ एवढाच कागद आला असता.

म्हणून डॉक्टरला पदार्थाचं नाव सांगा, काम सांगा, वर्षं सांगा, आणि ते लिहिलंय का हे वाचून मगच खुर्चीतून उठा. गोमेकॉत 2018 पासून परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घेतात. त्यावरून कुरकुर करणारे पुष्कळ आहेत. मी म्हणतो, पावती मिळते ना? ती जपून ठेवा. तिच्यावर तारीख असते.

आता पाकिटाची गोष्ट. केसपेपर घेऊन कामावर गेलो, तर तिसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. पंखा, थंड पाणी, खुर्ची. साडेतीन वर्षांत मला त्या खोलीत खुर्ची मिळाली ती तेव्हाच. टेबलावर 12,000 रुपयांचं पाकीट आणि शंभराचा स्टॅम्प पेपर, मजकूर इंग्रजीत. “उपचारासाठी मदत आहे, इथे सही कर.” कॉन्ट्रॅक्टर शेजारी उभा राहून मान हलवत होता. मी सही केली. मजकुराचा अर्थ असा होता की मला पूर्ण आणि अंतिम रक्कम मिळाली असून यापुढे माझी काहीही मागणी राहणार नाही. पुढच्या महिन्यात कामावरून कमी केलं.

ती सही म्हणजे सगळं संपलं असं मी धरून चाललो होतो. माझ्याच चाळीतल्या एका म्हाताऱ्या गोदी कामगाराने कागद वाचला आणि हसला. म्हणाला, “हांगा सही केलीस म्हूण कायदो मेलो?” आणि मला हाताला धरून पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात घेऊन गेला. कामगार आयुक्तांचं कार्यालय तिथे आहे, कदंबाच्या स्टँडवरून चालत जाता येतं.

तिथे जे कळलं ते नीट लक्षात ठेवा. भरपाईचा हक्क सोडून देतो असा करार कामगाराने केला, तरी कायद्याने तो रद्दबातल असतो. एकरकमी तडजोड करायची असेल तर तिचा मसुदा आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम अपुरी वाटली किंवा फसवणूक, दबाव दिसला तर ते नोंद नाकारू शकतात. नोंद केली नाही तर मालक पूर्ण भरपाईला बांधलेला राहतो. आधी हातावर टेकवलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त त्याला वजाही करता येत नाहीत, आयुक्तांनी वेगळा आदेश दिला तरच. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस असलात तरी मूळ कंपनीला हात झटकता येत नाहीत. भरपाई तिच्याकडून मागता येते, तिने ती मागाहून कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करावी.

हिशेब कसा होतो ते माझ्याच आकड्यांवर सांगतो. पगार 5,500, वय 30. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणक. तिशीचा गुणक 207.98. म्हणजे 3,300 गुणिले 207.98, झाले 6,86,334. डॉक्टरांनी माझ्या कमाईच्या क्षमतेत 10 टक्के घट लिहून दिली होती, म्हणून 68,633. आयुक्तांनी पाकिटातले निम्मे, 6,000, वजा केले आणि वर 12 टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज लावलं. हाती 77 हजारांच्या आसपास आले. फार मोठी रक्कम नाही हे मलाही कळतं, भोक तर अजून आहे. पण 12,000 कुठे आणि हे कुठे. 3 जानेवारी 2020 पासून हिशेबाला धरायचा कमाल पगार 15,000 झाला, तेव्हा पगार 15,000 किंवा जास्त असेल तर आज त्याच वयाला त्याच 10 टक्क्यांचे 1,87,182 होतात. कुणी पाकीट पुढे केलं की हा आकडा डोक्यात ठेवा. माझी केस 1923 च्या कामगार भरपाई कायद्याखाली चालली. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, गुणकाची पद्धत तीच आहे.

तडजोड वाईटच असते असं नाही. मात्र ती कोण करतंय आणि कुणाच्या नावाने, हे बघा. भोपाळला 2 डिसेंबर 1984 च्या रात्री वायू सुटला, आणि 1989 च्या फेब्रुवारीत सरकार आणि कंपनी यांच्यात 47 कोटी डॉलरवर मिटलं. बाधितांच्या वतीने सरकार बोललं, बाधितांना कुणी विचारलं नाही. बहुतेकांच्या वाट्याला 25,000 आले, आणि 2004 नंतर पुन्हा तेवढेच. रक्कम वाढवून मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये फेटाळली. एकदा मिटलं की उकरून काढणं सरकारलाही जमलं नाही. लोक अदालतीतही असंच आहे, तिथल्या तडजोडीवर अपील नाही. मान हलवण्याआधी आकडा स्वतः मांडून बघा.

कामातून होणाऱ्या आजारांची एक यादी कायद्यात आहे, त्या आजारांना कायदा अपघातच मानतो. क्रोमियम, शिसं, पारा, बेंझिन यांनी होणारे विकार, कामामुळे होणारे त्वचारोग, सगळे त्या यादीत आहेत. अशा कामावर सलग सहा महिने काढले असतील तर आजार कामातूनच झाला असं धरून चालतात, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. आता समजून घ्या, काही कॉन्ट्रॅक्टर पाचव्या महिन्यात ‘ब्रेक’ का देतात, किंवा त्याच माणसाला दुसऱ्या नावाच्या एजन्सीवर का दाखवतात. यासाठीच वही. कुठल्या तारखेला, कुठल्या टाकीवर, कुठल्या शिफ्टला, सोबत कोण, ड्रमवर काय नाव. आत मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणून नाव पाठ करा आणि जेवणाच्या सुट्टीत उतरवा. ड्रमवर कवटीचं किंवा अ‍ॅसिडने खाल्लेल्या हाताचं चित्र असेल तर तेही काढा, वेडंवाकडं चालेल. गेटपास, हजेरीकार्ड, पगार जमा झालेलं पासबुक टाकायचं नाही. धोकादायक कामावर घेण्याआधी आणि नंतर दरवर्षी आरोग्यतपासणी व्हायला हवी, तिचा अहवाल बघायचा तुम्हाला हक्क आहे. तो तोंडी नको, लेखी मागा. काहीच होत नसेल तर आल्तिनोला कारखाने व बाष्पक निरीक्षणालय आहे. तक्रार कुणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचं असतं.

आता एक फाटा आहे, तो न कळल्यामुळे लोकांची वर्षं वाया जातात. तुमचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) पगारातून कापला जात असेल तर वरचा दावा तुम्हाला करता येत नाही, तुमचा मार्ग ईएसआयकडून जातो. महिना 21,000 पर्यंत पगार असेल तर 0.75 टक्के कापतात, 15,000 वर 113 रुपये. बदल्यात काम करता येत नाही तोवर सरासरी पगाराच्या 90 टक्के, आणि कायमचं नुकसान ठरलं तर वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या टक्क्यांनुसार जन्मभर महिन्याला पैसे. कामावरच्या इजेला किती महिने भरले ही अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क लागतो. मडगावला ईएसआय इस्पितळ आहे. पण 113 रुपये कापले म्हणजे भरले असं समजू नका. आपला विमा क्रमांक मागा आणि त्यावर भरणा दिसतोय का ते पहिल्याच महिन्यात बघा. माझ्या ओळखीच्या एका पोराचे 14 महिने कापले होते, भरले होते शून्य.

कामगार नसून कारखान्याशेजारी राहणाऱ्यांचं थोडक्यात. जानेवारी 2018 मध्ये चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला आणि लोकांना रात्रीतून घरं सोडावी लागली. अशा वेळी जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा पुण्याच्या हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या न्यायालयाकडे, अर्ज करता येतो, दोन्हीकडे मुदत पाच वर्षं. कामगाराला मात्र हे दोन्ही दरवाजे नाहीत.

कामगाराने आपला दावा अपघातापासून दोन वर्षं उलटण्याआधी दाखल करावा. काम सोडून गावी गेलात आणि मग दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर ती पहिल्यांदा कळली तो दिवस धरतात. त्यासाठी गोव्याला खेपा घालायची गरज नाही, जिथे राहता तिथल्या आयुक्तांकडेही दावा चालतो. कुणी दगावलं आणि कॉन्ट्रॅक्टर रोख रक्कम घेऊन गावच्या घरी पोचला, तर वहिनीला सांगा, सही नको. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, परस्पर दिलेली धरत नाहीत.

वकिलाच्या नावाने फिरणाऱ्या दलालांना ‘मिळेल त्याचे तीस टक्के’ लिहून देऊ नका. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन लावा. अर्ज मराठीत करा, गोव्यात मराठीतून सरकारी व्यवहार करता येतो. खिडकीवरच्या माणसाने इंग्रजीत आणा म्हटलं तर भांडू नका, तिथेच उभे राहा. मी उभा राहिलो होतो, अर्ध्या तासाने घेतला.

आणि जाताना अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारून घ्या. माझी तशी प्रत अजून ट्रंकेत आहे, क्रोमने पिवळ्या पडलेल्या हातमोज्यांच्या जोडीखाली. मसुदा बघायचा असेल तर रविवारी दुपारनंतर या, सकाळी मी बाजारात असतो.