कोश गाडीवर का ठेवायचा नाही: उज्जाचा पाठ कसा शिकवावा

हा पाठ बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होतो. राजा दावीद कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, गाडीवरून आणत होता. बैल अडखळले, कोश सावरायला गाडीबरोबरच्या उज्जाने हात पुढे केला आणि तो तिथेच मेला. एवढंच ऐकलं की मंडळी विचारणारच, बिचाऱ्याचं चुकलं काय? म्हणून २ शमुवेल ६ आधी उघडूच नका.

सुरुवात निर्गम २५:१०-१५ पासून करा. कोश अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. एक हात साधारण ४५ सेंटिमीटरचा. त्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करा, पायांशी चार कड्या, त्यांत दोन बांबू. मग गणना ४:५-६ वाचत वाचत झाका: आधी अंतरपट, त्यावर कातड्याचं आच्छादन, सर्वांत वर निळं कापड. चौघांना ते खांद्यावर घ्यायला लावा. हात दांड्यावर राहतो, कोशाला लागतच नाही. नेमक्या त्या क्षणी ४:१५ मोठ्याने वाचा.

पाठाचा कणा गणना ७:७-९ मध्ये आहे, तिथे घाई नको. उपासनेचं साहित्य वाहणाऱ्या लेव्यांच्या तीन घराण्यांपैकी गेर्षोनच्या वंशाला २ गाड्या, मरारीच्या वंशाला ४. कोश वाहणाऱ्या कहाथच्या वंशाला एकही नाही, कारण त्यांचं ओझं खांद्यावरचं. मग कोशासाठी नवी गाडी आली कुठून? १ शमुवेल ६:७ काढा. ती पलिष्ट्यांची रीत होती.

आता उज्जाकडे या. ३०,००० निवडक माणसं, मनापासूनचा आनंद, आणि १ इतिहास १३:४ सांगतं त्याप्रमाणे बेत सगळ्यांना पटलेला. देवाने ठरवून दिलेली रीत मात्र कोणी विचारली नाही. दावीद हे १ इतिहास १५:१३ मध्ये स्वतः कबूल करतो, आणि कोश पुन्हा आणताना, दुसऱ्या खेपेला, लेवी कोश दांड्यांनी खांद्यावर घेतात. चूक उज्जाच्या हातापाशी नाही, गाडी जुंपली तिथेच झाली होती.

एक सावधगिरी. हा पाठ पेटी-तबल्याविरुद्ध वापरू नका. वाद्यं दोन्ही खेपांना वाजली (१ इतिहास १३:८, १५:२८). बदललं ते कोश नेण्याचं.

शेवटची १५ मिनिटं कागदावर द्या. आपल्या उपासनेत निव्वळ सोयीसाठी काय बदललं किंवा गाळलं, ते प्रत्येकाने लिहावं. उदाहरणार्थ, प्रभुभोजनाआधीचं आत्मपरीक्षण वेळ वाचवायला उरकलं जातं का? शेजारी वचन लिहायचं: १ करिंथ ११:२८. वचन सापडलं नाही तर जागा कोरी ठेवा, तिथल्या तिथे वाद घालू नका. तो कागद पुढच्या वर्गाला परत आणायला सांगा.