टिनिकलिंग बसवताना आधी बांबू, मग पाय

टिनिकलिंग हा फिलिपीन्सच्या लेयते बेटाकडचा, भातशेती करणाऱ्यांचा नाच. तिकलिंग हा पाणकोंबडीच्या कुळातला लांब पायांचा पक्षी. शेतात लावलेल्या बांबूच्या सापळ्यांतून तो पाय उचलत निसटतो, आणि नाचणारे तेच करून दाखवतात. स्नेहसंमेलनात मिझोरामच्या चेराव या बांबूनाचाशी याची हमखास गल्लत होते. चेरावमध्ये बांबू आडवे-उभे ठेवून चौकटी करतात; इथे दोनच बांबू आणि ते वाजवणारे दोघे.

बांबू ९ फुटांचे, साधारण २ इंच जाड. टेकणासाठी अडीच फूट लांब आणि २ इंच जाड अशा दोन लाकडी पट्ट्या, एकमेकींपासून ५ फुटांवर. कोकणात माणगा जातीचा बांबू सहज मिळतो; सरळ असतो, काटे नसतात. मात्र बुंध्याकडे तो भरीव असतो, म्हणून जड पडतो आणि आवाज बसका येतो. बुंधा सोडून मधला तुकडा घ्यावा. बांबू तीन वर्षांचा, जून हवा. कोवळा वाळताना चिरतो. पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लवकर लागतो. दिवाळीनंतर तोडून दोन-तीन आठवडे वहाळात बुडवून ठेवला, की भुंग्याला हवी असलेली आतली साखर-पिठी बरीच निघून जाते. मग सावलीत वाळवा. गाठी कोयत्याने तासून पॉलिश पेपरने घासा, टोकांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळा. चीर गेलेला बांबू सरळ बाद करा, तो घोट्याचं कातडं चिमटतो.

पहिले काही दिवस नाचणाऱ्यांना बाजूला बसवा आणि फक्त बांबूवाल्यांना शिकवा. पाय सापडतो तो बहुतेकदा यांच्या चुकीने. ताल तीन मात्रांचा: एकला बांबू एकमेकांवर, दोन आणि तीनला फूटभर फाकवून पट्टीवर दोन ठोके. एकला बांबू उचलायचे नाहीत, पट्टीवरून सरकवायचे. उचलले की नडगीवर बसतात. पकड पट्टीच्या बाहेरच्या टोकावर, बोटं वरून आणि बाहेरच्या बाजूने. बोट आत राहिलं तर पहिल्याच ठोक्याला कळतं.

गावातला पखवाजवाला साथीला असेल तर त्याला दादरा धरायला सांगा, ‘धा धिं ना, धा तिं ना’. दोन्ही ‘धा’ला बांबू मिटतात. भजनाच्या सवयीने हात आठ मात्रांकडे वळतो आणि तिथेच सगळं विस्कटतं. मूळ साथ रोंडाल्या नावाच्या तंतुवाद्यवृंदाची असते.

पावलं सांगायला सोपी आहेत. बांबू आपल्या उजव्या बाजूला येतील असे उभे राहा. एकला डावा पाय बाहेर, दोनला उजवा आत, तीनला डावा आत, पुढच्या एकला उजवा पलीकडे बाहेर. परतताना दोनला डावा आत, तीनला उजवा आत, एकला डावा बाहेर. आत एका वेळी एकच पाय टेकलेला असतो. आधी जमिनीवर खडूच्या दोन रेघा, मग स्थिर उघडे बांबू, मग संथ ठोके. वेग शेवटी. अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तीनच्या पावलावर रेंगाळणं. तो पाय टेकताक्षणीच सुटायला हवा. नजर पायांवर गेली की मान आणि पाठ वाकते, उडी उशिरा पडते. ताल कानाने धरावा. पाय अनवाणी.

पिसं आणि पानं लावून याचा ‘जंगली नाच’ करतात, ते चुकीचं आहे. पुरुष पातळ कापडाचा, न खोचलेला बारोंग नावाचा सदरा आणि दुमडलेली विजार घालतात. बायका फुगीर, ताठ बाह्यांचा बालिंतावाक नावाचा पोशाख घालतात किंवा पातादयोंग हे कमरेभोवती गुंडाळायचं चौकड्यांचं वस्त्र नेसतात. त्यासाठी आपल्याकडचं चौकड्यांच्या लुंगीचं कापड चालतं, फक्त घोट्याच्या वर राहील असं नेसवा. फिलिपिनो नृत्यसंशोधक फ्रान्सिस्का रेयेस अकिनो यांनी गावोगाव फिरून असे नाच नोंदवून ठेवले; १९७३ मध्ये त्यांना राष्ट्रीय कलावंत हा किताब मिळाला.

फरशीवर पट्ट्या सरकतात, त्यांच्याखाली ओलं गोणपाट घाला. सारवलेल्या अंगणात त्याचीही गरज नाही, पण ठोक्यांनी सारवण उखडतं, तेव्हा पट्ट्या आखूड घेऊ नका.