गांजाचा कायदा राज्यात बदलायचाय? नाशिककरांनो, आधी मागणी नीट लिहा

"गांजा लीगल करा" एवढंच लिहिलेलं निवेदन घेऊन गेलात तर पहिल्या टेबलावरूनच परत याल. अंमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा आणि केंद्राचा आहे, मौजेसाठी गांजाला परवानगी द्यायची तर बदल संसदेतच करावा लागतो, आमदार मनात असूनही तो करू शकत नाही. पण त्याच कायद्यात दोन कलमं राज्याच्या हातात आहेत आणि सगळा खेळ तिथेच आहे. कलम १० प्रमाणे राज्य सरकार नियम करून औषधासाठी आणि संशोधनासाठी लागवड, उत्पादन, वाहतूक, विक्रीला परवानगी देऊ शकतं, फक्त चरस सोडून. आणि कलम १४ प्रमाणे धागा किंवा बी काढण्यासाठी किंवा बागायतीसाठी लागवडीला सूट देता येते. उत्तराखंडने ह्याच वाटेने २०१८ मध्ये हेम्पच्या, म्हणजे धागा-बियांसाठीच्या कमी नशेच्या गांजाच्या झाडाच्या, लागवडीचं लायसन्स दिलं, टीएचसी म्हणजे नशा आणणारा घटक ०.३ टक्क्याच्या आत ठेवायच्या अटीवर. हिमाचलमध्ये २०२३ ला आमदारांची समिती बसली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेने तिचा अहवाल मान्य केला. म्हणजे आपण काही जगावेगळं मागत नाही आहोत.

मी ह्यात का पडलो ते सांगतो. माझ्या मावसभावाकडे काही ग्रॅम गांजा सापडला. कायद्याने एक किलोपर्यंत "अल्प प्रमाण" धरतात, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याला शेवटी फक्त दंड झाला पण तोपर्यंत तारखा, तारखा आणि तारखा. मावशी प्रत्येक तारखेला पोळी-भाजीचा डबा घेऊन कोर्टाबाहेर बाकड्यावर बसायची आणि ओळखीचं कोणी दिसलं की पदर तोंडावर ओढायची. पोराची नोकरी गेली ती गेलीच. ही शिक्षा कमी करणं राज्याच्या हातात नाही, पण केंद्राने कायदा बदलावा अशी शिफारस करणारा ठराव विधानसभा करू शकते, म्हणून निवेदनात तिसरी मागणी ती ठेवा. पहिली कलम १४ ची, दुसरी कलम १० ची. तीनच. जास्त लिहिलं की कोणी वाचत नाही.

निवेदनाच्याही आधी माहिती अधिकार टाका. कलम १० खालच्या महाराष्ट्राच्या सध्याच्या नियमांची प्रत मागा, आणि कलम १४ खाली आजवर किती अर्ज आले, किती मंजूर झाले ते विचारा. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. ऑनलाइन पण टाकता येतो. उत्तर "निरंक" आलं तर ते फार कामाचं आहे बरं का, तोच कागद आमदारापुढे ठेवायचा की बघा साहेब, अधिकार आहे पण वापरलाच नाही.

आता आमदार. आपल्या जिल्ह्यात पंधरा विधानसभा मतदारसंघ आहेत, इगतपुरीपासून मालेगाव, नांदगावपर्यंत. अधिवेशन चालू असताना जाऊ नका, त्याच्या बरंच आधी शनिवार-रविवारी मतदारसंघाच्या ऑफिसात जा आणि साहेब नाही भेटले तरी पीएला नीट भेटा, कारण कागद पुढे जातो तो पीएच्या हातूनच. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा चाळीस पानांची फाइल नेली होती, पीएने ती हातात तोलली आणि म्हणाला दादा, एका पानात सांगा. दुसऱ्यांदा एक पान नेलं, त्याच्या पाठीमागे तारांकित प्रश्नाचा, म्हणजे सभागृहात मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं अशा प्रश्नाचा मसुदा टाईप करून जोडला, आणि तो त्याने उभ्या उभ्या वाचला. म्हणून प्रश्न तुम्हीच तयार करून द्या, सभागृहातल्या लक्षवेधी सूचनेचा मसुदा पण द्या. सत्ताधारी आणि विरोधी दोन्हीकडे द्या, ह्याला पक्षाचा रंग चढला की विषय मेला.

गावात काम करायचं असेल तर ग्रामसभा सोडू नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ह्या दिवशी सभा असते, विषय आधी लेखी द्यावा लागतो. ठराव झाला की सही-शिक्क्याची प्रत घ्या. निफाड, दिंडोरीकडच्या शेतकऱ्याला वाइनचं उदाहरण लगेच पटतं, कारण २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि विंचूरला वाइन पार्क झालं, म्हणजे धोरण बदललं की पिकाचं नशीब बदलतं हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय. पण खोटी आशा दाखवू नका. हेम्पमध्ये टीएचसी मर्यादेच्या वर गेलं तर पीक नष्ट करावं लागू शकतं, आणि आपल्या हवेत कोणतं बियाणं टिकेल हे आधी तपासायला हवं. म्हणून थेट लागवड मागण्यापेक्षा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात चाचणी मागा, आणि औषधाच्या संशोधनासाठी आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर आपल्या म्हसरूळलाच आहे.

बायका विरोध करणार. करणारच, दारूने घरं बुडालेली त्यांनी पाहिलीत, बाटली आडवी करायला त्याच रांगेत उभ्या राहतात. त्यांच्याशी वाद घालू नका, ऐकून घ्या आणि खरं तेच सांगा: कोवळ्या वयात गांजा मेंदूला वाईट, काहींना त्याने मानसिक आजार बळावतो, म्हणूनच तो नियमाखाली आणि वयाच्या अटीखाली हवा. एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन ह्या ड्रगचा विषय निघेलच, २०२३ मध्ये शिंदे गावात त्याचा कारखाना सापडल्यापासून नाशिकमध्ये "ड्रग्ज" म्हटलं की लोकांना तेच आठवतं. एमडी हे कारखान्यातलं रसायन आहे आणि आपली मागणी धाग्याची आणि औषधाची आहे, हे दर वेळी शांतपणे सांगावं लागतं, मी शंभर वेळा सांगितलंय.

कुंभमेळ्यातल्या साधूंची चिलीम पुढे करू नका, त्याने विषय श्रद्धेकडे जातो आणि तिथेच अडकतो. गांजाने कॅन्सर बरा होतो वगैरे व्हॉट्सॅपवरचं तर अजिबात नको, त्याऐवजी सांगा की अमेरिकेत २०१८ मध्ये लहान मुलांच्या दोन गंभीर प्रकारच्या फिट्सवर कॅनाबिडिऑल ह्या गांजाच्या झाडातल्या, नशा न आणणाऱ्या घटकाचं औषध मंजूर झालं. आणि आंदोलन म्हणून कुंडीत रोप लावू नका, एका रोपालाही लागवडीचं कलम लागतं आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने कलेक्टरला लिहिलं होतं की अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी समजून लागवड करीन. बातमी झाली, पण असं पत्र लिहून परवानगी मिळत नाही, पोलीस मात्र मागे लागतात.

प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढा. एक आवक टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, क्लार्क "उद्या या" म्हणाला तरी तिथेच थांबा. कलेक्टर ऑफिसला महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्या दिवशी ही पोच घेऊन जाऊन "माझ्या अर्जाचं काय झालं" असं विचारा, आणि पुढच्या महिन्यात परत जा.