डिस्टिल्ड वॉटरवर पीएच मीटर तपासू नका

तासगाव-मिरजेकडं फवारणीआधी पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) बघतात आणि पेन मीटर तपासायला बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घेतात. गफलत तिथंच होते. शुद्ध पाण्याचा सामू २५ अंशांना ७ खरा, पण उघड्या भांड्यात ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, थोडं कार्बोनिक आम्ल बनतं आणि आकडा ५.६ च्या आसपास उतरतो. शिवाय क्षार नसल्यानं आकडा एका जागी थांबतही नाही. मीटरला उगाच दोष!

मीटर जुळवायचा बफरवर, म्हणजे ठरलेला सामू असलेल्या द्रावणावर: आधी ७.००, मग बोअरच्या अल्कधर्मी (सामू ७ च्या वरच्या) पाण्यासाठी १०.०१. मधे मीटरचं टोक धुवा, पाणी टिपून घ्या, घासू नका. वापरलेलं बफर बाटलीत परत ओतू नका. टोपणात ३ मोलर तीव्रतेच्या पोटॅशियम क्लोराइड द्रावणाचे थेंब ठेवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये टोक बुडवून ठेवलं की आतले क्षार झिरपतात.